नॅच मँडेट दर महिन्याला परत येतंय? पुन्हा प्रेझेंट करण्याआधी हे बघा

महिन्याच्या ५ तारखेला नॅचची (मँडेट, म्हणजे दुकानदाराने दिलेल्या लेखी परवानगीवर, त्याच्या खात्यातून आपोआप पैसे ओढायची बँकांची यंत्रणा) फाइल लावायची, संध्याकाळी रिटर्न, म्हणजे पैसे न मिळता परत आलेल्या ओळी, बघायचे, त्यात मागच्या महिन्याचीच नावं दिसली की ‘चला, १० तारखेला परत टाकू’ म्हणायचं आणि कामाला लागायचं. नागपुरात इतवारी, गांधीबाग, मस्कासाथ, कळमना, कुठल्याही ठोक व्यापाऱ्याच्या गादीवर हाच कार्यक्रम चालतो. मी इथल्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब आणि वसुली बघतो. उमरेड, काटोल, भंडारा, वर्धा अशा ठिकाणच्या किरकोळ दुकानदारांकडून मँडेटवर पैसे घ्यायचे असतात. दर महिन्याला हटकून येणारे जे रिटर्न असतात, त्यांतले बरेचसे दुकानदाराकडे पैसे नाहीत म्हणून आलेले नसतात. अशा ठिकाणी कारण न काढता परत प्रेझेंट केलं, म्हणजे बँकेकडे तीच मागणी पुन्हा लावली, की दंड तेवढा दोघांना बसतो. त्याची बँक त्याला रिटर्न चार्ज लावते, आपली बँक आपल्याला लावते आणि दोन्हीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. वर दुकानदार चिडतो तो बँकेवर नाही, आपल्यावर.

म्हणून पहिलं काम रिस्पॉन्स फाइल, म्हणजे बँकेकडून परत येणारी निकालाची यादी, नीट वाचायचं. प्रत्येक ओळीपुढे कारणाचा कोड असतो. ०४ म्हणजे शिल्लक अपुरी, हा सगळ्यांना पाठ. बाकीच्या कोडांकडे सहसा कुणी बघत नाही, आणि गिऱ्हाइकाला फोन करताना सरसकट ‘तुमचं बाऊन्स झालं’ एवढंच सांगितलं जातं. त्याऐवजी असं करा. एकाच दुकानदाराचे मागच्या तीन-चार महिन्यांचे रिटर्न शेजारी शेजारी मांडा: तारीख, रक्कम, कारण. कारण दर वेळी तेच आणि ते शिल्लकीचं नसेल, तर घोळ कागदात किंवा खात्यात आहे, कितीही वेळा प्रेझेंट केलं तरी पैसे येणार नाहीत. कारण दर वेळी शिल्लकीचंच असेल, तर तारखेचा किंवा खात्याचा प्रश्न असू शकतो. दर महिन्याला कारण बदलत असेल, तर मात्र फोनवर भागत नाही, दुकानात जाऊन बसावं लागतं.

शिल्लक अपुरी : आधी तारीख, मग माणूस

०४ आला की दुकानदार टाळतोय असं लगेच धरू नका. गाडीचा हप्ता, दुकानाच्या कर्जाचा हप्ता, फायनान्सवर घेतलेल्या फ्रीजचा हप्ता, बहुतेक सगळ्यांची तारीख ५ असते. आपलंही मँडेट त्याच दिवशी लागलं की खात्यातला पैसा आधी कोण नेईल हे त्या बिचाऱ्याच्या हातात नसतं. तारीख सरकवून बघा. गावच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लावलं तर तेच मँडेट बिनबोभाट पास होतं. विदर्भातल्या खेड्यातलं दुकान सोयाबीन-कापूस बाजारात येईपर्यंत उधारीवर चालतं. सप्टेंबरमध्ये जो दुकानदार रडकुंडीला येतो तोच दिवाळीनंतर आगाऊ पैसे देतो. त्याच्या गल्ल्याचं हे वेळापत्रक माहीत असेल तर रिटर्न बरेच कमी होतात.

दुसरी अडचण रविवारची. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं, सुट्ट्यांसकट. जुन्या दुकानदारांच्या डोक्यात अजून ‘आज बँक बंद, उद्या भरू’ बसलेलं आहे. डेबिट सकाळीच लागू शकतं, म्हणून पैसे आदल्या रात्री खात्यात पाहिजेत. हे मँडेट घेतानाच सांगा आणि तारखेच्या एक दिवस आधी एसएमएस किंवा व्हॉट्सॲप टाका: रक्कम, तारीख आणि खात्याचे शेवटचे चार आकडे.

शेवटचे चार आकडे मुद्दाम म्हणतो. भिवापूरकडच्या एका किराणा दुकानदाराचं मँडेट एकसारखं परत यायचं. कारण दर वेळी शिल्लक अपुरी. फोन केला तर ते भडकले.

‘भाऊ, पैसे होते नं खात्यात! काल रातीच पायले मी मोबाइलवर.’

‘कोणत्या खात्यात पायले काका?’

‘अजी, ज्याच्यात क्यूआरचे पैसे येतात त्याच्यात.’

क्यूआरचे पैसे यायचे एका बँकेतल्या बचत खात्यात आणि मँडेट होतं दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यावर. आता गिऱ्हाइकी सगळी यूपीआयवर, त्यामुळे चालू खात्यात पैसे टाकायला कुणी जातच नाही. ही केस एकटीदुकटी नाही, आजकाल शिल्लकीच्या रिटर्नमध्ये हे कारण मी सगळ्यात आधी विचारतो. उपाय दोन: क्यूआरचं सेटलमेंट खातं बदलून घ्या, नाहीतर ज्या खात्यात पैसे जमतात त्यावर नवं मँडेट घ्या. ‘दर महिन्याला इकडचे तिकडे टाकत जा’ हा सल्ला देऊ नका, कुणी टाकत नाही.

सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाच्या) खात्यातला गुंता याहून वेगळा. दुकानदार शपथेवर सांगतो की लिमिट शिल्लक आहे, पासबुकही तसंच दाखवतं, तरी मँडेट परत येतं. इथे डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, विचारा. लिमिट मंजूर असली तरी पैसे ओढता येतात ते दाखवलेल्या मालाच्या हिशेबाने. समजा लिमिट ५ लाखांची आहे, पण स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ४ लाखांचा आणि मार्जिन २५ टक्के. मग ओढता येणार ३ लाखच. आणि स्टेटमेंट वेळेवर दिलंच नसेल तर सिस्टिममध्ये डीपी शून्यावरही येते. अशा वेळी रिटर्नचं कारण ‘शिल्लक अपुरी’ किंवा ‘व्यवस्था केलेली नाही’ असं येतं, त्यामुळे खरी गोम कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानदाराला सांगायचं ते एवढंच: शाखेत जा, स्टॉक स्टेटमेंट द्या, डीपी अपडेट झाली का ते काउंटरवर विचारूनच उठा. त्याच्या सीएने फाइल मेल केली म्हणजे काम झालं असं नसतं.

खातंच अडलेलं असेल तर

केवायसी बाकी, खातं निष्क्रिय, खातं गोठवलेलं, ही कारणं आली की प्रेझेंट करणं तिथेच थांबवा. आपल्या बाजूने करण्यासारखं काही नसतं, पण दुकानदाराला नेमकं सांगण्यासारखं असतं. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. केवायसीचे कागद घेऊन एकदा शाखेत गेलं की ते सुरू होतं. मँडेटसाठी म्हणून नवं चालू खातं उघडलं आणि नंतर विसरून गेले, असं पुष्कळदा झालेलं असतं.

गोठवलेल्या खात्याचं प्रकरण मात्र अवघड. अलीकडे सायबर फसवणुकीचा पैसा पाच-सहा खात्यांतून फिरत येतो आणि कुणीतरी त्यातलेच पैसे यूपीआयवर देऊन किराणा नेतो. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदलेल्या तक्रारीवरून थेट दुकानदाराच्या खात्यावर होल्ड लागतो. त्याला बापड्याला काहीच माहीत नसतं. त्याने शाखेतून तक्रारीचा पावती क्रमांक आणि कोणत्या राज्याच्या पोलिसांनी होल्ड लावला ते लेखी घ्यावं, त्या दिवसाचं बिल जोडून तपास अधिकाऱ्याला ईमेल करावी, आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करण्याची मागणी करावी. तोवर आपण मँडेट थांबवून एनईएफटीने किंवा चेकने दुसऱ्या खात्यातून पैसे घ्यावेत. चांगलं गिऱ्हाईक या भानगडीत तुटू देऊ नका.

मँडेटच चुकीचं भरलेलं

दर महिन्याच्या रिटर्नचं हे सगळ्यात मोठं कोठार आहे. फॉर्म भरतो आपला सेल्समन, दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. ‘निश्चित रक्कम’ आणि ‘कमाल रक्कम’ असे दोन चौकोन असतात, तो पहिला दिसेल त्यावर टिक मारतो. बिल मात्र दर महिन्याला वेगळं. निश्चित रकमेच्या मँडेटवर वेगळी रक्कम लावली की ती परत येणारच. माल उधारीवर देणाऱ्याने नेहमी ‘कमाल रक्कम’ आणि वारंवारतेत ‘जेव्हा प्रेझेंट होईल तेव्हा’ हेच घ्यावं. मासिक टिक केलं असेल तर त्याच महिन्यात दुसऱ्यांदा प्रेझेंट करता येत नाही, आणि आपली ती १० तारखेची सवय इथेच नापास होते. कमाल रक्कम ठरवताना मोठ्यात मोठ्या बिलावर थोडी जागा ठेवा, पण दुकानदार बिचकेल इतकी नको. २० हजारांच्या बिलासाठी ५ लाखांचं मँडेट मागितलं तर कोणीही शहाणा माणूस सही करणार नाही.

सही-शिक्क्याचं वेगळंच. भागीदारी फर्मचं खातं दोघांच्या सहीने चालत असेल तर दोघांच्या सह्या आणि फर्मचा शिक्का दोन्ही पाहिजेत. अशा खात्यांचं ई-मँडेट (ऑनलाइन मँडेट) सहसा होत नाही, कागदच लागतो. ‘मी आणि भाऊ एकच’ हे दुकानात चालतं, बँकेत चालत नाही. खातं कोणतं, बचत, चालू की सीसी, तेही बरोबर खूण केलेलं पाहिजे. वडील वारले, दुकान मुलगा चालवतो, खातं वडिलांच्या नावावर तसंच. बँकेला कळलं की मँडेट बंद. मुलाच्या खात्यावर नवं मँडेट घ्या, आणि जुनी उधारी त्याच्या नावावर वर्ग करायचा कागदही सोबतच करा.

मुदत संपलेली असणं हे तर इतकं साधं कारण आहे की कुणी बघतच नाही. यूएमआरएन, म्हणजे मँडेटचा वीस अक्षरी क्रमांक, रजिस्टरमध्ये असतो, त्याच्यापुढे ‘पर्यंत’ची तारीख लिहून ठेवा आणि दोन महिने आधी नवा फॉर्म काढा.

बँका एकत्र झाल्या की यादी एकदा चाळावी लागते. आपल्याकडची ताजी गोष्ट म्हणजे १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि आधीची महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून राज्यात एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. नागपूर, भंडारा, गडचिरोली पट्ट्यातल्या खेड्यापाड्यातल्या दुकानदारांची खाती तिथे भरपूर. अशा कुठल्याही विलीनीकरणानंतर खाते क्रमांक आणि आयएफएससी बदललाय का हे प्रत्येकाला विचारून नव्या चेकचा फोटो मागवून घ्या. जुन्या पासबुकावर विसंबून राहू नका.

घोळ आपल्याच फाइलमध्ये

‘असं खातं नाही’ हे कारण आलं आणि दुकानदार म्हणतो खातं बरोबर आहे, तर तो बहुतेक खरंच बोलत असतो. फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ च आकडे धरतं, त्यामुळे सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. सेलमध्ये ‘ई+१५’ असं काही दिसलं की समजा, काम बिघडलं. फाइल आयात करताना तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. सेव्ह झाल्यावर फॉरमॅट बदलून गेलेला आकडा परत येत नाही.

दुसरं, दुकानदाराचं नवं मँडेट मंजूर झालं पण फाइल जुन्याच यूएमआरएनवर जातेय. मग ‘मँडेट रद्द’ किंवा ‘मँडेट मिळालेलं नाही’ असा रिटर्न दर महिन्याला येत राहतो आणि सेल्समन जाऊन तिसऱ्यांदा फॉर्म भरून आणतो. मास्टरमध्ये, म्हणजे दुकानदारांच्या मूळ यादीत, एका खात्यापुढे एकच चालू यूएमआरएन राहील असं करा, जुना काढूनच टाका.

दुकानदाराने स्वतः रद्द केलं असेल

तो त्याचा हक्क आहे. बँकेत अर्ज दिल्यावरही डेबिट झालं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार बँकेने दुसऱ्या दिवशीपर्यंत पैसे परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून जुन्या मँडेटवर जोर लावू नका. रद्द होण्यामागे सहसा मालाचा वाद असतो: एक्सपायरी परत घेतली नाही, स्कीमचं क्रेडिट नोट लटकलंय, डॅमेज तसाच पडून आहे. आपल्या सेल्समनला विचारा, दुकानदाराला विचारा, आणि दोन उत्तरं जुळवून बघा.

टॅलीत नोंद कुठे अडते

फाइल लावली त्याच दिवशी सगळ्या रकमा रिसीट म्हणून टाकणारे अकाउंटंट आहेत. मग रिटर्न आले की त्या नोंदी खोडतात, आणि महिनाअखेर बँकेचा मेळ बसत नाही. काही बँका पूर्ण रक्कम जमा करून रिटर्न वेगळे वजा करतात, काही वजा करून निव्वळ रक्कम देतात. आपली बँक कोणत्या पद्धतीने करते ते एकदा स्टेटमेंटवरून बघून घ्या आणि मधे ‘नॅच क्लिअरिंग’ असं एक खातं ठेवा. रिटर्न त्याच्या तारखेला दुकानदाराच्या लेजरला उलटा लावा, जुनी नोंद खोडू नका. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तीच नोंद कामी येते. बँकेचा चार्ज वेगळ्या खात्यात घ्या, त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. दुकानदाराकडून दंड घेत असाल तर चेक परत गेल्याबद्दलच्या दंडावर जीएसटी लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. मँडेटच्या दंडाला तोच न्याय लावायचा का, ते आपल्या सीएशी बोलून ठरवा.

कोर्टाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. चेक बाऊन्ससाठी १३८ कलम सगळ्यांना ठाऊक असतं, मँडेटसाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७ चं कलम २५ आहे. बँकेकडून रिटर्नची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाही दिले तर गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कलमाचे शब्द अपुरी शिल्लक किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम यापुरतेच आहेत. सही जुळली नाही म्हणून आलेल्या रिटर्नवर नोटीस काढण्यात अर्थ नाही, वकिलाची फी तेवढी जाते. माझं मत विचाराल तर नोटीस ही शेवटची पायरी. इतवारीत धंदा पिढ्यान् पिढ्या चालतो. आज ज्याला नोटीस पाठवली तो उद्या शेजारच्या गल्लीत जाऊन माल उचलतो, आणि आपली बदनामी फुकटात करतो.

आपण पाठवलेले पैसे परत आले तर

कंपनीला किंवा ट्रान्सपोर्टला केलेली एनईएफटी परत येते त्याची कारणं थोडीच आहेत: खातं बंद, क्रमांक चुकीचा, खातं गोठवलेलं. बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने पैसे जमा करायचे किंवा परत पाठवायचे असतात. उशीर झाला तर रेपो दरावर २ टक्के जास्त व्याज मागता येतं. मागत कुणी नाही, पण बँकेला लिहिताना उल्लेख करा, काम हलतं. परत आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये वेगळी जमा दिसते. ती मूळ यूटीआरशी (व्यवहाराच्या क्रमांकाशी) जोडल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठवण्याआधी नाव दिसतं का बघा. १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसमध्ये लाभार्थीचं नाव पडताळण्याची सोय देण्याचं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. त्याआधी पैसे जायचे ते फक्त खाते क्रमांकावर.

लहान बिलांसाठी काही जण यूपीआय ऑटोपेकडे वळलेत. १५ हजारांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळे किरकोळ दुकानदाराला ते सोपं पडतं. तिथेही ऑगस्ट २०२५ पासून एक प्रयत्न आणि वर तीनच फेरप्रयत्न. म्हणजे न बघता परत परत टाकायची सोय तिकडेही नाही.

बँकेचीच चूक असेल आणि शाखा दाद देत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी संविधान चौकाजवळच्या रिझर्व्ह बँकेत खेटे घालावे लागत नाहीत, तिच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते. सोबत यूएमआरएन, रिटर्नची तारीख, कारणाच्या कोडासकट रिस्पॉन्स फाइलमधली ती ओळ आणि त्या दिवशीचं दुकानदाराच्या खात्याचं स्टेटमेंट जोडा. स्टेटमेंट दुकानदाराला मागावं लागेल. चूक बँकेची आहे हे त्याला पटलं असेल तर तो आनंदाने देतो.